आधी वीतभर

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उद्यान विभागाचे मुख्य अभियंता आदरणीय मोठे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, रोपवाटिकेतले, भांडारातले आणि वर्कशॉपमधले माझे सहकारी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे भाऊजी, आणि त्यांच्या शेजारी बसून मी काय बोलतो यावर बारीक नजर ठेवणारी माझी थोरली बहीण, आमची अक्का, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी वर्कशॉपमधला वेल्डर. माझा जन्म तोंडासमोर काच धरण्यात गेला, त्यामुळे इतक्या लोकांपुढे उघड्या तोंडाने उभं राहायची सवय नाही. तरी अक्काने सांगितलं, बोल, पण रडू नकोस आणि त्यांनाही रडवू नकोस. दोन्हीची हमी देता येत नाही.

एक खुलासा आधीच करतो. हे भाऊजी मुळात माझे एकट्याचे. अक्काशी लग्न झालं आणि पुढे ते खात्यात लोडरवर ड्रायव्हर म्हणून लागले. मी हाक मारायचो ती ऐकून सगळ्यांनी उचलली. आता मोठे साहेबसुद्धा भाऊजी म्हणतात. अक्काला इतके भाऊ आले कुठून, हे आमच्या आईला शेवटपर्यंत कोडं होतं.

दुसरा खुलासा जरा अडचणीचा आहे. पुष्पगुच्छ झाला, सन्मानचिन्ह झालं, सगळं रीतसर झालं. पण साहेब, लोडरची किल्ली अजून जमा झालेली नाही. भांडारातली मंडळी माझ्याकडे बघताहेत, म्हणून सांगतो, ती भाऊजींच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. गेल्या आठवड्यात भांडारप्रमुखांनी मागितली, तर हे म्हणाले, "जो थांबायला शिकला नाही त्याच्या हातात मी ती देणार नाही." नव्या ड्रायव्हरच्या जागेसाठी आलेले दोघे-तिघे यांनी असेच परत पाठवले. एकाचं म्हणणं होतं, मी फार चपळ आहे. त्याला तर यांनी चहासुद्धा विचारला नाही.

हे थांबण्याचं प्रकरण काय आहे? जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आलेल्या वादळात आपल्या गावातली निम्मी मोठी झाडं आडवी झाली. दवाखान्याकडे जाणारा रस्ता बंद, शाळेचं फाटक बंद. आपल्याकडे लोडर एकच, आणि त्याला पुढे साधी बकेट. बकेट मातीसाठी असते, खडीसाठी असते. गोल ओंडका तिच्यात बसत नाही, नुसता टेकतो. साखळी आवळायची आणि जपून न्यायचं, एवढाच उपाय होता. भाऊजींनी तसं केलं, साखळी स्वतः आवळली. तरी दवाखान्याच्या वळणावर एक बुंधा साखळीतून निसटला आणि घरंगळत खाली आला. आमच्या करवतवाल्या ताई, त्या काय तिसऱ्या रांगेत बसल्यात, करवतीला तेल घालायला जेमतेम बाजूला झाल्या होत्या. त्यांची पाण्याची बाटली मात्र जागेवर राहिली. तिचा पापड झाला.

ताईंना काही झालं नाही. पण भाऊजी खाली उतरले ते परत चढेनात. चूक कोणाचीच नव्हती, साहेबांनीही तेच सांगितलं. पण हे वर्कशॉपमध्ये येऊन एका जुन्या टायरवर बसून राहायचे. घरी जेवण जात नव्हतं. अक्का मला म्हणाली, "तुला लोखंड जोडता येतं ना? मग यांचं काहीतरी जोड."

मग आम्ही पंजा करायला घेतला. बकेटच्या वर लोखंडी बोटं बसवायची, ती वरून मिटली की ओंडका मुठीत धरल्यासारखा धरला जाईल. भंगारातल्या यंत्राचा सिलिंडर काढला, पाइप जोडले. मी पहिलं लोखंडी बोट कापून दाखवलं. भाऊजी टायरवरून म्हणाले, "बारीक वाटतं. अजून जाड." मी जाड केलं. "अजून जाड." माझा मेहुणा तोंड उघडून बोलायला लागला या आनंदात मी ते म्हणतील तेवढं जाड करत गेलो. हाच प्रकार प्रत्येक बोटाला. वर आडवी पट्टी, तिच्यावर आणखी एक पट्टी. शेवटी पंजा बसवला, लोडर चालू केला, पंजा उचलला, आणि पंजाऐवजी लोडरची मागची चाकंच उचलली गेली. पंजात काडीसुद्धा नव्हती. नुसत्या आमच्या काळजीनेच लोडर वाकला होता.

साहेब तिथेच उभे होते. ते आमच्यावर हसले असते तरी आम्ही काय बोलणार होतो? ते हसले नाहीत. भाऊजींच्या शेजारी दुसऱ्या टायरवर बसले आणि म्हणाले, "भाऊजी, यातलं ओंडक्यासाठी किती आणि तुमच्यासाठी किती?" भाऊजी खडू घेऊन स्वतः उठले आणि कुठून कुठे कापायचं त्याच्या खुणा करत गेले. जितकं कापायचं तितकं त्यांनीच सांगितलं. साहेब, त्या दिवशी तुम्ही आमच्या घरात काय परत आणून ठेवलंत, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी आज सांगतो.

मागे वजन म्हणून काय लावायचं हा प्रश्न उरला. भाऊजींनी तोच निसटलेला बुंधा आणायला लावला. त्याचा तुकडा कापून मागच्या पिंजऱ्यात बसवला. तो आजही तिथेच आहे. मी म्हटलं, दुसरं काहीतरी लावू, हे कशाला डोळ्यांसमोर? ते म्हणाले, "डोळ्यांसमोर कुठे, पाठीमागे आहे. राहू दे."

पहिला ओंडका उचलायच्या वेळी मात्र पुन्हा पंचाईत. पंजा मिटला, आणि यांचा हात दांड्यावर तसाच. तेव्हा या ताई लांब, मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "भाऊजी, आधी वीतभर उचला. वीतभरावरून पडला तर कोणाचं काय जातंय? मी हात वर केला की पुढे." त्यांनी वीतभर उचलला. थांबले. ओंडका हलला नाही. ताईंनी हात वर केला.

तेव्हापासून आपल्याकडची ही रीत. आधी वीतभर, मग थांबायचं, मग हात, मग पुढे. मागे गाड्यांची रांग लागो, कोणी भोंगे वाजवो, यांच्यात फरक नाही. घरीसुद्धा तेच. यांच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, लग्नाचं विचारलं तेव्हा हे इतका वेळ गप्प राहिले की जावई उठून निघाले होते. अक्काने हात वर केला म्हणून संसार उभा राहिला.

मंडळी, आता आज सकाळची गोष्ट. ताईंनी अवजड वाहनाचा परवाना काढलाय हे तुम्हाला माहीत आहे. लोडरसाठी त्यांनी अर्जही केला. भाऊजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आज मात्र समारंभाचे इस्त्रीचे कपडे घालून हे यार्डात हजर. ताईंना म्हणाले, "चढा."

ताईंनी पंजा मिटला. ओंडका वीतभर उचलला. थांबल्या. आम्ही सगळे बघतोय, त्या थांबलेल्याच. भांडारवाले म्हणाले, चला की आता. ताई ढिम्म. कोणाच्या लक्षातच येईना की हात वर करणाऱ्याच वर जाऊन बसल्यात, मग खालून हात वर करणार कोण? तेव्हा आमचे भाऊजी, कपड्यांची पर्वा न करता, चिखल तुडवत लांब मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. आणि त्यांनी हात वर केला. अक्का, त्यांच्या पँटला चिखल कसा लागला याचं उत्तर तुला मिळालं.

काम छान झालं. भाऊजी खुश. लोडर बंद केला, आणि सवयीने किल्ली काढून परत आपल्याच खिशात घातली.

भाऊजी, तुमचा हात आत्ता तिथेच आहे. दिसतंय सगळ्यांना. तुम्हाला काय जड जातंय तेही मला कळतं. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हाच प्रश्न ना? मला तुमच्याशिवाय त्या वर्कशॉपमध्ये करमणार नाही, हे मीही आज उघडच सांगतो. पण घाई कोणालाच नाही. ताई, तुम्ही जरा पुढे या. असं, तिथेच उभ्या राहा. भाऊजी, किल्ली वीतभर बाहेर काढा. बस. आता थांबा.

बघा, काही निसटत नाहीये. अक्का शेजारी आहे, मी इथे आहे, ताई समोर आहेत.

ताई, हात वर करा.

दिली. बघा मंडळी, दिली.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना माझ्या तोंडून एखादा ओंडका निसटला असेल, तर घरचा माणूस म्हणून पोटात घाला. आणि अक्का, मी रडत नाहीये, काच नाही ना आज तोंडासमोर, म्हणून तसं दिसतंय. नमस्कार.