जांभळ्या ड्रमचा आवाज

—हो, सांगितलंस ना, मघापासून तिसऱ्यांदा सांगतेयस, तू मताची गोटी माझ्याच ड्रममध्ये टाकलीस. मान खाली कर थोडी. मान्साता, अगं हलू नकोस, भांग वाकडा जातोय, मग उद्या अल्हाजीच्या विजयाच्या जेवणात सगळ्या बायका विचारतील, या वेण्या कुणी घातल्या, त्या पडलेल्या उमेदवारणीने का? —हस की. मी हसतेय ना. गावातली प्रत्येक बाई येऊन मला हेच सांगून गेली, तिदा, मी तुलाच टाकली. सगळ्यांनी मलाच टाकली. मग मी पडले कशी, हे गणित तेवढं कुणी सोडवत नाही, आणि मी तर शाळेत गणितच शिकवत होते, ही पोर होईपर्यंत.

पोर उठली का बघते—नाही, झोपलीय. तर काय म्हणत होते मी, आवाज. त्या दिवशी सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी ड्रम उपडे करून दाखवले ना, रिकामे आहेत म्हणून, आणि मग घंटी वाजते का बघायला प्रत्येकात एकेक गोटी टाकून पुन्हा काढली—तू तेव्हा आली नव्हतीस, तू उशिरा आलीस—अल्हाजीचा नारिंगी ड्रम, घोड्याच्या चित्राचा, तो टण्‌कन वाजला. आणि माझा जांभळा, होडीचा, तो वाजला टब्ब. जुना ड्रम पुन्हा रंगवलेला, रंग आतल्या घंटीवरही चढला असणार. अधिकाऱ्याने विचारलं, कुणाची हरकत? मी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हणतील, बाई उभी राहिली ती राहिली, आता घंटीच्या सुरावरही भांडते. माझं असंच होतं, वर्गात बोलता येतं आणि नेमकं जिथे बोलायचं तिथे येत नाही. दुखतंय? जरा घट्टच घालायला लागतात, नाहीतर गंगावन सुटतं.

मग दिवसभर मी शाळेच्या भिंतीला टेकून बाकावर बसले, पोरीला पाजत. आत कोण गेलं ते दारातून दिसत होतं, पडद्यामागे काय करतात ते नाही. पण ऐकू येतं ना. घंटी असतेच त्यासाठी, एका माणसाची एकच गोटी पडली हे सगळ्यांना कळावं म्हणून. सायकलीसुद्धा येऊ देत नाहीत जवळ, त्यांच्या घंटीने घोळ होतो म्हणून. माझा यांकुबा चालतच आला होता. माझा नवरा. बोटाला शाई लावली, गोटी घेतली, पडद्यामागे गेला—टण्‌. बाहेर येऊन माझ्याकडे बघून हसला. मी पण हसले. काय करणार, अल्हाजीच्या गिरणीत कामाला आहे, मी मनातल्या मनात त्याला तिथेच माफ करून टाकलं. मग आपल्या काफोच्या, शेतात एकत्र राबणाऱ्या गटाच्या बायका, ज्यांच्याबरोबर मी भाताची रोपं लावली, ज्या माझ्या अंगणात जेवून नाचून गेल्या—टण्‌, टण्‌, टण्‌. मला वाटलं, तिदा, तुझ्या कानात काहीतरी झालंय, बाळंतपणानंतर होतं म्हणतात.

आणि मग सासूबाई. ज्या माझ्याशी भांडल्या होत्या, पोर अंगावर पिते आणि ही बांजुलला संसदेत बाकावर बसायला निघाली म्हणून. त्या आत गेल्या. टब्ब. बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पोरीचं टोपडं सारखं केलं आणि घरी गेल्या. अजून तेच टोमणे मारतात. विचारायची हिंमत नाही मला.

तू त्यांच्या नंतर आलीस.

—सरळ बस. नाही, बघू नको वळून. पोर रडत होती तेव्हा, म्हणून मी म्हटलं, चुकलं असेल ऐकण्यात. मान्साताचा नसणार तो टण्‌. पण संध्याकाळी तिथेच, सगळ्यांसमोर, ड्रम उघडले आणि गोट्या मोजायला भोकांच्या फळीवर ओतल्या. अल्हाजीची फळी भरली, दुसरी भरली. माझ्या फळीवर दोन. एक माझी. दुसरी कुणाची, ते मी तुला आत्ताच सांगितलं.

काय? गोटी वाया गेली असती? —हो, सगळ्याच असं म्हणाल्या असतील एकमेकींना. जागा एकच, ज्याच्या गोट्या जास्त तो जाणार, दुसऱ्याला काहीच नाही, मग हरणारीला कशाला टाका. कळतं मला, मी मुलांना हेच शिकवलंय. पण नदीकाठच्या दुसऱ्या गावांनी, जिथे मी एकदाच गेले, कडेवर पोर घेऊन, घाबरत घाबरत, तिथल्या लोकांनी माझ्या फळ्या भरल्या. सगळ्या गावांची बेरीज झाली तेव्हा मी इतकी थोडक्यात पडले, की हे एक गाव, मान्साता, आपलं हे एकच गाव माझ्याकडे असतं तर—

आणि उभी कुणासाठी राहिले? मला कुठे हौस होती. नदीच्या त्या काठाला दवाखाना आणि या काठाला तू, कळा देत, होडीची वाट बघत, आणि होडी आली तोवर बाळ—हे मला बोलायचं नव्हतं. हे मी बोलणार नव्हते. पण ड्रमवर होडी काढायला कुणी सांगितलं मला? तूच माझे हात धरून म्हणालीस, तिदा, तू शिकलेली आहेस, तू उभी राहा, या काठाला एक बाळंतपणाची खोली तरी होईल. अल्हाजीने काय कबूल केलं तुला? भावाला गिरणीत काम? —नको, सांगू नकोस. यांकुबाला माफ केलं, म्हणजे तुलाही करायला हवं, हिशोबाने. तो हिशोब जमत नाहीये मला.

रडू नकोस, केस ओढले जातात.

पोर उठली. ऐकलंस? आता ही झोपायची नाही. ऊठ. अर्ध्या वेण्या झाल्यात, उरलेल्या दुसऱ्या कुणाकडून घालून घे. नाहीतर जा तशीच जेवणाला. वर रुमाल बांध, कुणाला काही दिसणार नाही. —फणी राहू दे तिथे. ती माझी आहे.