भरदुपार

(सदर बाजार, १९८३. रुपरावचं वाद्यांचं दुकान. गिऱ्हाईक नाही. देवाजी मुलीला, शामलाला घेऊन आला आहे.)

देवाजी : एवढंच म्हण गा पोरीपुढं, का गाणं मी रचलं. कॅसेट राहू दे तुह्याच नावाची.

रुपराव : काहून म्हणू? बँड ‘भरदुपार’, गाणं भरदुपारचं. पोस्टरवर माणसाचं नाव टाकायचं नाही, हा कायदा कोणाचा होता?

देवाजी : माहाच.

रुपराव : म्या ‘गायक रुपराव’ छापून आणलं, तर टराटरा फाडलं तू.

देवाजी : तवा आपण चौघं होतो, रुप्या. आता भैय्याजी मेला, बळीराम भिलाईहून वापसच आला नाही. साक्षीले तूच उरला.

रुपराव : अन् गांधीबागच्या गणपतीत? पब्लिक सिनेमाचं गाणं मागून राहिली होती. म्या दोन ओळी वाजवल्या, तर तू भर स्टेजवर माह्या गिटारचा वायर उपटला. माइकवर म्हणे, ‘हा वरातीतला बाजावाला हाय!’ माहा बाप पुढच्या रांगेत बसला होता.

देवाजी : चुकलं गा. बारा वर्सं झाली.

रुपराव : मले कालचीच गोष्ट वाटते.

शामला : बाबा, चला नं घरी.

देवाजी : थांब वं. रुपराव, पानठेल्यावर गाणं लागलं का मी म्हणतो, हे माहं हाय. मायलेकी तोंड दाबून हासतात. पाया पडतो तुह्या, एकडाव हो म्हण.

रुपराव : बरं. गाऊन दाखव. ज्यानं रचलं त्याले येईनच.

देवाजी : गिरणीतल्या रुईनं गळा खाल्ला, तुले मालूम हाय.

रुपराव : गाय न बे! पोरगी आयकून राहिली.

देवाजी : ‘उन्हा... उन्हा रे, सावली कुठी...’

रुपराव : खोकून घे आधी. पोरी, तूच सांग. हा माणूस असं गाणं रचन का?

शामला : ... नाही, काका.

रुपराव : झालं. घरी ने त्याले, ऊन लय हाय.

शामला : काका, मले लय आवडते तुमचं गाणं. या कॅसेटवर सही करून देता?

रुपराव : आण. नाव काय तुहं?

शामला : शामला देवाजी...

रुपराव : नुसतं शामला लिहितो.