बरंय, तुमचं कसं काय?

...मान वळत नाही, ती मान दाखवायला तीन तास गाडी चालवत जा! हे कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघालं हो? नाही, तुम्हीच सांगा! मला शेजारी बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागतं, कपाट सरकवल्यासारखं, आणि विमावाले फोनवर गोड आवाजात म्हणतात, "बाई, ॲडलेडला या, आमचे डॉक्टर तपासतील, मग पुढचे उपचार मंजूर करू." पुढचे! मागचे कुठे झालेत?

तुम्हाला सांगते, मला ठोकलं डेनिसनं. आपला धान्याच्या कोठारावरचा डेनिस हो. गावात गोल चौक एक, चौकात गाड्या दोन, एक माझी उभी, एक त्याची येणारी, तरी हा बहाद्दर मागून येऊन आदळला! का? तर हातातल्या मीट पायचा, म्हणजे त्या खिम्याच्या पेस्ट्रीचा, सॉस मांडीवर सांडला म्हणून साहेब खाली बघत होते! पॅन्ट वाचवली पठ्ठ्यानं, माझी मान घालवली. वर खिडकीशी येऊन विचारतो, "नोलीन, कशी आहेस?" माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, मान खांद्यात रुतलीय... आणि मी काय म्हणाले? "बरंय, तुझं कसं काय?"

झालं! तिथून जी सुरुवात झाली...

मग दवाखाना. आपल्या दवाखान्यात खुर्ची तीच, डॉक्टर दर आठवड्याला नवा. शहरातून येतो, माश्या हाकलतो, पळून जातो. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा, चौक, डेनिस, सॉस. आणि सॉसपाशी आलं की मेला प्रत्येक जण हसतो! मानेपर्यंत पोचेस्तोवर वेळ संपलेली. त्यात आत पाऊल टाकल्या टाकल्या, "काय नोलीन, कशी आहेस?" आणि मी मनात नको नको म्हणतेय तोवर तोंडातून निसटलेलंच... "बरंय, तुमचं कसं काय?" की तो खूश! "वा, चांगली सुधारणा आहे! गरम पिशवीनं शेका." गरम पिशवी! एवढी वर्षं शिकून गरम पिशवी? अहो, शेक द्यायला आमची मांजर पुरे आहे!

तुम्ही म्हणाल, घरी बसून शेकत राहा की, कशाला जीव काढतेस? अहो, माझी बस! शाळेची बस चालवते मी. त्या पोरांचे आईबापसुद्धा माझ्याच बसमधून शाळेत गेलेत. आता मान वळेना, म्हणून बसमालक गॅव्हिन स्वतः चालवतोय, आणि त्याला एकाही पोराचं नाव ठाऊक नाही. "ए निळी टोपी, खाली बस!" म्हणतो. अरे, शाळेची टोपीच निळी आहे, सगळीच बसतात ना खाली! जीव तुटतो हो माझा. एक धड फिजिओ द्या, मान वळू द्या, बस परत द्या. काय आभाळ मागितलं मी?

तर निघालो ॲडलेडला. आमच्या रॉसला, म्हणजे नवऱ्याला, मोतीबिंदूमुळे गाडी चालवायला बंदी, म्हणून चाक माझ्या हातात आणि मान त्याची. "उजवीकडे मोकळं... मोकळं... ट्रक, ट्रक, ट्रक!" या मोतीबिंदूच्या भरवशावर मी महामार्गाला लागले, बोला! आणि वाटभर माझी शिकवणी. "नोलीन, तो विचारेल कशी आहेस. काय म्हणशील?" "वाईट." "मोठ्यानं!" "वाईट! हाल चाललेत माझे!" "शाब्बास." पेट्रोल पंपावर, चहाच्या ठेल्यावर, सगळीकडे हेच! पंपावरची पोरगी घाबरून म्हणाली, "आजी, पोलिसांना बोलावू का?"

डॉक्टरांची खोली ही एवढी. गालिच्यात पाय रुततात. दार उघडलं, "या, या! कशा आहात?" मी छाती भरून श्वास घेतला, 'वाईट'मधला 'वा' ओठांवर आलेला... आणि बघते तर काय! डॉक्टरांचा हात प्लॅस्टरमध्ये! खांद्यापासून बोटांपर्यंत! सायकलवरून पडले म्हणे. आता सांगा, हात मोडलेल्या माणसापुढे रडायचं कसं? म्हटलं, "बरंय, तुमचं कसं काय?" "बरंय, बरंय," म्हणाले, आणि चेहरा असा कळवळलेला! मग विचारलं, "गाडी कोणी चालवली?" "मी." "इतक्या लांबून? उत्तम!" मान वळवा म्हणाले, मी धडासकट वळले, तर हे प्लॅस्टरच्या आत फूटपट्टी घालून खाजवतायत! नजर वर नाही! संपली तपासणी. मी ठणठणीत. फिजिओ नामंजूर.

बाहेर रॉसनं विचारलं, "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "चल, बस गाडीत. उजवीकडे बघ."

परवा गॅव्हिननं किल्ली आणून हातावर ठेवली. "डॉक्टर म्हणतात तू बरी आहेस. सोमवारपासून ये." माझी बस हो, समोर उभी! चढावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. पण शेजारून येणारा ट्रक मला दिसणार नाही, आणि मागे ती सगळी पोरं... किल्ली परत दिली. म्हटलं, "गॅव्हिन, मान वळत नाही रे. दुखते. फार दुखते." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं तोंडावर सांगितलं मी!

तो म्हणाला, "अगं, मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? त्या बिचाऱ्याचा हात मोडलाय!"

गॅव्हिननं टोपी काढली, डोकं खाजवलं, थोडा विचार केला...

"अरेरे," म्हणाला, "मग बरोबर आहे तुझं."