साठ दिवसांची भट्टी

हॅलो?… हो, मीच. बोल.

कळलं… अगं, सकाळीच कळलं. गेटावर कागद लावलाय, सहीशिक्क्यासकट. पहिल्या ओळीत तीन वर्षांचा तोटा. दुसऱ्या ओळीत, महिनाअखेर सगळ्या भट्ट्या थंड करणार… हो, सहाच्या सहा… नाही, मला वाचावं लागलं नाही. पुढं उभा होता त्यानंच मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही म्हणून.

जेवलो… काहीतरी खाल्लं, झालं. उभ्यानंच. टेबलाशी एकटा बसलो की घास फिरतो तोंडात… नको, तू येऊ नकोस. हेड ऑफिसातून इथं यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि येऊन करणार काय? माझ्याकडं बघत बसणार.

काय?… कुणी दिला तुला टाईप करायला?… अस्सं. चौकशी समितीचा अहवाल, आणि समितीला ठाऊकच नाही की टाईप करणारी बाई ताईची सख्खी धाकटी बहीण आहे… बरोबर, आडनाव वेगळं ना तुझं. वाच… नाही, नाही, मला ऐकायचंय. वाच तू.

हं… 'नियोजन विभागाने एक भट्टी सलग साठ दिवस चालेल असे गृहीत धरले.' बरं… 'प्रत्यक्षात भट्ट्या चाळीस दिवसही चालल्या नाहीत.' हे खरंय… पुढं?… 'विभागप्रमुखांच्या सहीने'… म्हणजे तुझ्या ताईच्या… हं… 'सदर अधिकारी हयात नसल्याने'… थांब. जरा थांब.

…काही नाही. पाणी घेतलं. बोल… 'खुलासा घेता आला नाही.' वा. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं बरं असतं. डोकं हलत नाही, खापर नीट फुटतं.

नाही गं, तुझ्यावर नाही चिडत. तू फक्त टाईप करतेस. ऐक ना, मला हे आजच कँटीनमध्ये कळलं होतं, वेगळ्या तऱ्हेनं. कागद वाचून सगळे चहाला आले. माझ्या मागच्या टेबलावर तो पंपवाला, ताईनं त्याच्या मुलीला गणित शिकवलं होतं बघ, दोन वर्षं, फुकट. तो म्हणाला, एका बाईच्या बेरजेपायी तीनशे घरं बसली… मी?… मी चहा पीत होतो… नाही. नाही वळलो मागं… माहीत नाही का. कप संपवला आणि उठलो.

हॅलो?… हो, आहे मी.

साठचं काय, ते तुला सांगतो. तू कधी कारखान्याच्या आत आली नाहीस ना. असं बघ. आमच्या भट्टीत नळ्या असतात, बाहेरून जाळ. नळीतून माल सोडायचा आणि क्षणाच्या आत तो फोडायचा. त्यातून इथिलीन निघतं, त्याच्या पिशव्या होतात, पाइप होतात, तुझ्या घरातलं निम्मं सामान होतं. आता फोडायचं काय? एक नाफ्था, पेट्रोलच्या जातीचं तेल. नाही तर गॅस. ताई सांगायची ना, नाफ्था म्हणजे लग्नाचं बोलावणं, एकाला बोलावलं की सगळं घराणं येतं. इथिलीन येतं शंभरात तीस, पण मागोमाग प्रोपिलीन येतं, आणखी चार भावंडं येतात. सगळ्यांची सोय लावावी लागते, पण सगळे कामाला येतात. आणि गॅस हा सडाफटिंग. एकटा येतो, शंभरात ऐंशी इथिलीन देतो, खर्च कमी, भांडण नाही. पण उद्या प्रोपिलीन लागलं तर त्याच्या घरी दुसरं कुणी नाही.

हो, हसायची ती हे सांगताना.

तेव्हा जहाजानं येणारा गॅस स्वस्त होता. फार स्वस्त. वरच्यांना तेवढंच दिसलं. आठ भट्ट्या होत्या, सगळ्या नाफ्थावर. ताईनं टिपण दिलं की सहा गॅसवर न्या, खुशाल न्या, पण सातवी आणि आठवी नाफ्थावर ठेवा. शेजारच्या विभागाला प्रोपिलीन तिथूनच मिळेल, आणि गॅस महागला तर परतायला एक दार राहील. महिन्याचा हिशेब ती दोनदा मांडायची, एकदा गॅस स्वस्त धरून, एकदा महाग धरून. लोक म्हणायचे, बाई, एकदाच मांडा, आम्हाला घरी जायचंय.

मग झालं काय, ते तर कागदावर आलंच ना आता. सातवी आणि आठवी मोडीत काढली. दोन वर्षांत गॅस चढला, नाफ्था उतरला. नदीपलीकडच्या कारखान्यानं दोन्ही ठेवलं होतं. त्यांनी आठवड्यात निम्म्या भट्ट्या नाफ्थावर वळवल्या आणि शांत झोपले. आम्ही महाग गॅस जाळत बसलो, वर प्रोपिलीन टँकरनं विकत आणलं. त्यांच्याचकडून. जे आमच्या घरात पिकत होतं ते.

साठ?… हो, सांगतो, येतोच तिथं.

फोडता फोडता नळीत आतून कोळसा धरतो. ठरावीक दिवसांनी भट्टी बंद करून तो जाळून काढायचा, तीन दिवस जातात. भट्टी साठ दिवस चालली, तर सहांतली एक दर दहा दिवसांनी बंद होणार. सहांत भागतं. चाळीसही चालली नाही, तर दर आठवड्याला एक बंद. वर प्रत्येक सफाईला नळी थोडी मरते. म्हणजे हाताशी जास्तीच्या दोन लागतातच. कळलं?… सातवी-आठवी ठेवायची की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरलं. ताईच्या टिपणात एकोणचाळीस होते.

हो… एकोणचाळीस. साठ नव्हते.

तेच तर. तिच्याच सहीच्या कागदावर मग साठ कसे आले… अगं, ती मोठी गोष्ट आहे… तसं नाही… फोनला खरखर येतेय का तुझ्याकडं?… नाही येत. बरं.

कुणीतरी सांगितले साठ. भट्टीवरच्या माणसानं सांगितले… मुख्य ऑपरेटरनं.

नुसता तेव्हाचा नाही. आत्ताही तोच आहे.

मी.

…हो. मीच म्हणालो साठ.

हॅलो?… धाकटे?… हॅलो?

ठेवला.

हॅलो?… हो. इथंच बसलोय. हललो नाही… रडलीस का?… बरं, नाही विचारत.

विचार. काय विचारायचं ते विचार.

पाच वर्षं झाली. तीन नंबरची भट्टी आधी गॅसवर चालवून बघितली होती, तीन वेळा. पहिल्या वेळी एकसष्ट दिवस चालली. नवी कोरी नळी, मी रात्रंदिवस तिच्यापाशी. दुसऱ्या वेळी अडतीस. तिसऱ्या वेळी चाळीस… हो, रजिस्टरमध्ये आहे. माझ्याच अक्षरात आहे. कंट्रोल रूमच्या कपाटात, खालच्या खणात… तिनं पहिली वेळ बाजूला ठेवली, उरलेल्या दोन धरल्या. नवी नवरी नऊ दिवस, म्हणायची. रोजचं वागणं बघायचं.

मग समिती आली भट्टी बघायला, ही चौकशीची नव्हे, तेव्हा गॅसचं ठरवणारी. पांढरी हेल्मेटं. तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीचा पाहुणा इंजिनिअर सोबत, काखेत रंगीत चित्रांचं पुस्तक. मोठे साहेब पुढं, ताई शेवटी, हातात फाईल. त्या पाहुण्यानं मला हात पुढं केला. माझ्या हातात तेलकट हातमोजा, तरी त्यानं हात धरला. म्हणाला, पुस्तकातलं राहू द्या, भट्टी याला विचारू या. आणि मोठ्या साहेबांनी विचारलं, किती चालते?

मी म्हणालो, साठ तर आरामात.

…होती ना. चार पावलांवर होती… फाईलीकडं बघत राहिली. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, हेच असणार तिच्या मनात. दुसऱ्या दिवशी बैठकीत तिनं एकोणचाळीस मांडले, तर मोठे साहेब म्हणाले, बाई, तुमच्याच घरातला माणूस साठ म्हणतो, आधी घरात एकमत करून या. सगळे हसले म्हणे. मला तिनं नाही सांगितलं. बैठकीत चहा देणाऱ्या पोऱ्यानं सांगितलं, तोही हसतच.

घरी आली. जेवलो. भांडी विसळताना, पाठ माझ्याकडं, एवढंच म्हणाली, "उद्या जाऊन त्यांना खरा आकडा सांगाल का?"

मी म्हणालो, बघू.

नाही गेलो… उद्याही नाही, परवाही नाही. आठ दिवसांनी वरून लेखी हुकूम आला की साठ धरून हिशेब करा. तिनं केला आणि सही केली. काय करणार, नोकरी होती. मग तिनं तो विषय काढलाच नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. दवाखान्यातही नाही. मी वाट बघायचो की आज काढेल. सातवी भट्टी कापत होते त्या दिवशी आम्ही दोघं गेटातून बरोबरच बाहेर पडलो. कटरच्या ठिणग्या दिसत होत्या. म्हणाली, घरातला साबण संपलाय, वाटेत घेऊ.

शिव्या दे हवं तर… अगं, तू मोठ्यानं बोललीस तरी चालेल, शेजारी कुणी नाही.

…हो. बरोबर आहे तुझं. तिनं वाचवलं मला, आणि मी चहा प्यालो. बरोबर आहे.

नाही, पेन्शनची भीती नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत, ते तसेही थंड भट्ट्या आवरण्यातच जाणार. माझं काय बुडायचंय आता?… तिचंच बुडतंय. त्या कागदावर तिचं नाव तसं गेलं तर तीनशे घरं जन्मभर तिलाच म्हणत राहणार. हे कळतंय मला. उशिरा कळलं, पण कळतंय.

केव्हा छापायला जातो अहवाल?… उद्या दुपारी. मग वेळ आहे. जबाब लेखी घेतात का?… तूच नेऊन देशील? नको, मी स्वतः देतो. सकाळी दहाला रिसेप्शनला. रजिस्टर घेऊन येतो… चोरी कसली, माझ्या अक्षरातलं रजिस्टर आहे.

थांब, कागद घेतो… हं. फोन खांद्यात धरलाय, मान गेली तर गेली. लिहितो… तू नको सांगूस काय लिहायचं, तुझी भाषा हेड ऑफिसची. माझं मला लिहू दे.

…

झालं. वाचतो, ऐक. 'मी भट्टी विभागाचा मुख्य ऑपरेटर. साठ दिवसांचा आकडा माझा आहे. नियोजन विभागाचा आकडा एकोणचाळीस होता आणि तो बरोबर होता. रजिस्टरची तीन पाने सोबत जोडली आहेत. माझ्या पत्नीने मला आकडा दुरुस्त करायला सांगितले होते. मी केला नाही.' खाली सही, तारीख… ठीक आहे ना?

का नाही पुरणार?… हो… हो, तेही खरं. म्हणतील, बायको गेली, म्हातारा तिचं नाव राखायला स्वतःवर घेतोय. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

म्हणजे कारण लिहायचं. स्वतःच्या हातानं अडतीस लिहिणारा माणूस तोंडानं साठ का म्हणाला… हेच ना?

तुला सांगू?… सांगतो. ते काही फार मोठं नाही. या वसाहतीत तिला सगळे बाई म्हणायचे, ऑफिसर म्हणून, आणि मला बाईंचे मिस्टर. किराणावाला, पोस्टमन, डॉक्टर, सगळे. बावीस वर्षं. मी हसायचो. लोकांना वाटायचं, याला चालतं. मलाही वाटायचं, चालतं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळी साहेब मंडळी माझ्याकडं तोंड करून उभी होती, आणि ती मागं. एकोणचाळीस म्हणालो असतो तर तिच्या फाईलीतलं बोलल्यासारखं झालं असतं. मला माझं काहीतरी म्हणायचं होतं… बस. एवढंच. एवढ्यासाठी.

…कळत होतं. त्याच क्षणी कळलं होतं.

हो, लिहितो… लिहीन म्हटलं ना… नाही, 'बघू' नाही म्हणत. लिहीन. तू ठेव आता, तुझी बस जाईल… ठेवतेस का?… आधी काय?… कारण आलं का कागदावर?

नाही. बाकी सगळं लिहून झालंय. तेवढी ओळ अजून लिहिलेली नाही.