मोटरचं हळद-कुंकवाचं पान

पुन्हा सांगू? अहो, ह्याच स्टँडवर तीनदा सांगून झालं, घसा बसला माझा! पण चहा पाजलात म्हणून तुम्हाला सांगतो... मधे बोलायचं नाही!

तर आमचा पोरगा ललित, जळगावला हापिसात असतो, दिवाळीआधी धरणगावच्या घराला रंग द्यायला आला आणि त्याच्या डोळ्यात खुपली माझी पत्र्याची पेटी. काय होतं तिच्यात? मिक्सर, कूलर, बोअरची मोटर, सगळ्यांसोबत आलेली पुस्तकं! मला धड वाचता येत नाही, पण मोटरच्या पुस्तकात मागच्या कोऱ्या पानावर मी तीन रेघा ओढलेल्या, एक कुंकवाची, एक हळदीची, एक निळीची... कोणती वायर कोणत्या भोकात, म्हशीलाही कळलं असतं! ह्यानं पानापानाचे फोटो काढले, पुस्तकं रद्दीत घातली आणि वर छाती फुगवून काय म्हणतो? "आबा, बठ्ठं मोबाइलमा शे!"

म्हणजे सगळं मोबाइलात आहे म्हणे! बरं बाबा, शे तर शे. रंगवाल्यानं स्टार्टर काढला, वायरी सुटल्या, कुणाच्या ध्यानात नाही. आणि ह्यानं रंग दाखवायला चाळीस पाहुणे बोलावले भरीत-पुरीला! जेवणं होतायत तोवर टाकी खडखडीत. चाळीस माणसं भरताचे हात वर धरून अंगणात उभी! म्हटलं, काढ तुझा मोबाइल. काढला... तिन्ही रेघा काळ्या! काळी, काळी आणि काळी!

"फाइल हलकी व्हावी म्हणून ब्लॅक अँड व्हाइट केलं, आबा."

हलकी? अरे, टाकी झाली हलकी!

हिलाल मिस्तरीला बोलावलं. पिशवी ठेवून पहिलं काय विचारतो? "आबा, तुमचं हळद-कुंकवाचं पान कुठंय? मी दरवेळी तेच पाहून जोडतो!" घ्या! मिस्तरी माझ्या पानावर, आणि पान मोबाइलमा शे!

दीड तास झटला बिचारा, तेव्हा कुठं पाणी चढलं. मी काय केलं? कुंकू घेतलं, हळद घेतली, नीळ घेतली आणि नव्या पांढऱ्या भिंतीवर मनगटाएवढ्या जाड तीन रेघा ओढल्या. आता काढ फोटो!

भडकून गेला जळगावला. काल आमची सुनंदाबाई, ललितची आई, म्हणते, "अहो, पोरानं माफी मागितली, हात जोडल्याचं चित्र पाठवलं."

कुठंय?

"मोबाइलमा शे!"

नाही चालणार! यायचं, त्या भिंतीपुढं उभं राहायचं, तोंडानं बोलायचं. मी रोज येतो इथं. जळगावची एस्टी लागते, कंडक्टर उतरतो, केळीवाल्या उतरतात, कुणाची कोंबडीसुद्धा उतरते... उतरत नाही तो एकच. ललित.