खून कायम दत्तकानंच करायचा

...न्हाई, तुम्हीच सांगा, जगातल्या समद्या खुनांचा ठेका आम्ही दत्तक पोरांनीच घेतला का? कोणतीबी रहस्यकथा काढा. पहिल्या पानावर श्रीमंत म्हातारा, दुसऱ्या पानावर त्यानं आश्रमातून आणलेला पोरगा... मंग पुढची दोनशे पानं कशाला छापता, कागद फुकट हाये का? खून कुणी केला? दत्तकानं!

मलाबी मायनं सहा महिन्यांचा असताना आश्रमातून परतूरला आणलं, समद्या गल्लीला माहीत. तर आमच्या गणेश मंडळाचे भागवत सर, त्यांनी मागच्या साली रहस्यनाटक लिहिलं. मी म्हणलं, सर, मला इन्स्पेक्टर करा, उंची हाये, आवाज हाये. तर सर चष्मा पुसत म्हणतात कसे, "वसंता, खुन्याचं काम तुला आतून जमन." आतून? अहो, मी झुरळसुद्धा सुपलीत घेऊन अंगणात सोडून येतो! पण न्हाई. खून कुणी केला? दत्तकानं!

मायला सांगितलं, नाटकात मी माळी हाये. खोटं बोललो, तुम्हाला सांगतो, तिच्या मनाला लागन ह्याचीच धास्ती. अन् नाटकाला ती पहिल्या रांगेत! शेवटाला इन्स्पेक्टर झालेला कल्याण बेड्या घेऊन गरजला, खून कुणी केला? ह्या परक्या पोरानं... अन् माय पदर खोचून थेट स्टेजवर. माईक ओढला अन् बिलकुल शांतपणे म्हणली, "हे माझं लेकरू हाये. परकं कुणाला म्हणतो रे? दुसरा खुनी बघ."

मला, खुन्याला, रडू आलं. जन्मात इतकं बरं वाटलं न्हवतं, खरंच सांगतो.

तिकडं पडद्याआडून सर कुजबुजून राह्यले, कल्याण, जल्दी दुसरा पकड! त्यानं माळी झालेल्या रामप्रसादला धरलं, तर त्याची बायको उठली. स्वयंपाकीण झालेल्या प्रीतीला धरलं, तर सासू उठली! शेवटी प्रेत झालेले रामराव राह्यले. त्यांच्या घरचे समदे राजूरला दर्शनाला गेल्ते, मंग काय, घातल्या त्यांनाच बेड्या. मेलेल्या माणसाला अटक, अन् लोकांच्या टाळ्या!

ह्या घोळानं सर शहाणे झाले. यंदा मला प्रेत केलंय. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, कुणाचा जीव घ्यायचा न्हाई... मी खूश. मायला सांगितलं, तर भाकर थापता थापता म्हणती, "चालन. पण मी स्टेजवर आले की उठून बस."

आता प्रेत कुठं उठत असतंय का? पण उठावं लागन. तिनं पहिल्या रांगेतली खुर्ची आत्ताच धरून ठेवलीय!