चाळीस मिनिटं न हललेलं दार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा प्राचार्या आकांक्षाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती ग्रंथपाल कैलास सर, आणि सिंदी मेघेच्या आपल्या चित्रपट मंडळाच्या जाग्या तसेच झोपलेल्या सर्व सभासदांनो, मी बाबाराव, आपणा सर्वांना जय भीम, नमस्कार.

सर उद्या कायमचे मुलीकडे इंदूरला चालले. सहा वर्षं दर रविवारी दुपारी त्यांनी वाचनालयाच्या याच हॉलमध्ये आपल्याला सिनेमे दाखवले. निरोपाच्या दिवशी खोटं कशाला बोलू? ते सिनेमे मला सोसले नाहीत. एकात एक माणूस अकरा मिनिटं बटाटा सोलतो. मी घड्याळात पाहिलंय. बरं, सोलून भाजी तरी करावी? तीही नाही! दुसऱ्यात एक घोडा उभा. तो उभाच. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. सेलूला गाडी दहा मिनिटं जास्त थांबली तर लोक माझा जीव खायचे. इथे गाडी दोन-दोन तास उभी आणि एकही प्रवासी ओरडत नाही. कितीदा वाटलं, डबल बेल द्यावी आणि म्हणावं, चला, जाऊ द्या.

मग येत कशाला होतो? माझी पत्नी भागीरथा गेल्यावर रविवार खायला उठायचा. सर घरी आले, म्हणाले, "बाबाराव, एकटे बसून काय करून राह्यले? तिथं येऊन झोपजा." आलो, आणि इमानदारीनं झोपलो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एका रविवारी पडद्यावर एक दार आलं. अर्धं उघडं, चौकटीवर एका बाईचा हात. बाई आता बाहेर येईल, मग येईल. दहा मिनिटं झाली. आवाज तसाही या सिनेमांत नसतो, नुसता आपला कूलर घरघरत होता. सगळे अदबीनं बघत बसले. आपल्याला समजलं नाही, हे पहिल्यांदा कोण कबूल करणार?

मी ड्युटीवरून आलो की भागीरथा असंच अर्धं दार उघडायची, चौकटीला हात लावून उभी राहायची. "आले का?" एवढंच. मी तिच्याकडे कधी धड पाहिलं नाही. बॅग तिच्या हातात दिली की सरळ आत. त्या दुपारी मी पाहत बसलो. बाई बाहेर आली नाही, आणि मलाही घाई नव्हती. रडलो, आता काय लपवायचं.

चाळीस मिनिटांनी सिनेमा पुढे सरकला. नंतरच्या चर्चेत मी पहिल्यांदाच उभा राहून म्हणालो, "आज मले समजलं." टाळ्या पडल्या.

परवा मशीन सांभाळणारी आपली काजल मला म्हणाली, "काका, तो सीन नव्हताच. लॅपटॉप अडकला होता. मी उठलीच होती, तं सरांनी थांबवलं. म्हणे, नको लावू हात. बाबाराव कोणाले तरी भेटून राह्यले."

हसा, हसा. मीही आधी हसलोच.

मंडळानं बोलायची संधी दिली, आभारी आहे. बोलताना कुठे अडकलो असेन, तर सरांनी तेव्हा थांबू दिलं तसं तुम्हीही थांबू द्या, रागावू नका.

सर, तीस वर्षं मी मागे न बघता डबल बेल दिली. आज हातच वर जात नाही. जायच्या आधी थोडा वेळ असेच उभे राहा. आम्हाला पाहू द्या.